मेंदूतला जंत आणि डिसॅबिलिटी पेन्शन: न्यूरोसिस्टिसरकोसिस झालेल्या जवानांनी मेडिकल बोर्डाची तयारी कशी करावी

रिलीज मेडिकल बोर्डाच्या (सेवेतून बाहेर पडताना तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाच्या) कागदावर ‘२० टक्के, आजीवन’ असं वाचून जवान निश्चिंत घरी येतो. पेन्शन सुरू झाल्यावर कळतं की त्यात डिसॅबिलिटीचा एक रुपयाही नाही. त्याच कागदावर दोन ओळी खाली ‘पेन्शनपात्र टक्केवारी: शून्य’ असं लिहिलेलं असतं आणि ती ओळ कुणी वाचलेलीच नसते. आजार खरा आहे, टक्केही दिलेत, पण आजाराचा लष्करी सेवेशी संबंध नाही असं बोर्डाने ठरवून टाकलेलं असतं.

न्यूरोसिस्टिसरकोसिस म्हणजे पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन बसणं. त्यातून फिट्स येतात आणि गाठ सुकून चुन्यासारखी झाली तरी पुढे कित्येक वर्षं येत राहतात. या आजाराच्या फायलींमध्ये तीच ती चूक इतक्यांदा दिसते की ती क्रमवार मांडणं गरजेचं वाटलं. टक्केवारीवरून फारशी भांडणं होत नाहीत, प्रकरणं पडतात ती कारणाच्या रकान्यात. म्हणून तयारीचा मोठा भागही त्याच रकान्यासाठी करायचा आहे.

हा लेख प्रामुख्याने १ जानेवारी २००८ नंतर आणि २१ सप्टेंबर २०२३ पूर्वी सेवेतून बाहेर पडलेल्यांसाठी आहे. त्यांना २००८चे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे पेन्शनची पात्रता ठरवणारे नियम, लागू होतात. त्याआधी बाहेर पडलेल्यांना १९८२चे नियम लागतात, तर २१ सप्टेंबर २०२३पासून पुढच्यांना २०२३चे. तयारीची पद्धत तिन्ही गटांना सारखीच आहे, अर्जात उल्लेख करायचे नियम मात्र वेगळे. दुसऱ्याचा अर्ज उतरवून काढताना नियमाचं वर्षही तसंच उतरवलं जातं, आणि तिथेच अर्ज लंगडा पडतो.

## १. आधी नियम वाचा, मग कागद गोळा करा

२००८च्या नियमांतल्या नियम १० मध्ये रोगांविषयी दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सर्वसाधारण अट: रोग सेवाकाळात उद्भवलेला हवा आणि सेवेच्या परिस्थितीमुळे झालेला हवा. दुसरी गोष्ट त्याच्या लगेच पुढे आहे आणि आपल्या कामाची तीच. सेवेत असताना झालेला संसर्गजन्य आजार, लैंगिक संबंधातून आलेला सोडून, सेवेमुळे झालेला मानला जावा. भरतीपूर्वी किंवा रजेवर असताना लागण झाल्याची शक्यता असेल, तर रोगाची सुप्तावस्था (लागण होण्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ) किती असते हे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाहून ठरवायचं.

हिवताप, काळा आजार, हत्तीरोग यांनाही हेच कलम लागतं. मात्र त्या आजारांत जंतूचं नाव निदानात टिकून राहतं. न्यूरोसिस्टिसरकोसिसमध्ये ते गळून पडतं. पहिल्या ॲडमिशनला ‘न्यूरोसिस्टिसरकोसिस’ लिहिलेलं असतं, पुढच्या रिव्ह्यूत ‘सीझर डिसऑर्डर’ (फिट्सचा विकार) होतं आणि रिलीज बोर्डापर्यंत पोचताना नुसतं ‘जीटीसीएस’ (पूर्ण शरीर आखडणारी फिट) किंवा ‘एपिलेप्सी’ उरतं. एपिलेप्सी म्हटलं की बोर्ड ती आपोआप उद्भवलेली, अंगभूत व्याधी धरू शकतं. संसर्गाचं कलम मग चर्चेतच येत नाही.

तपासा: तुमच्या सर्वात ताज्या कॅटेगरी बोर्डाच्या (सेवेत असताना तब्येतीची श्रेणी ठरवणाऱ्या बोर्डाच्या) कागदावर निदान काय आहे? त्यात जंताचं नाव नसेल तर टप्पा ३ तुमच्यासाठी सर्वात महत्त्वाचा.

## २. कागद जमवा, आणि याच क्रमाने

सेवेत असाल तर हे आजच सुरू करा. एमआय रूम (युनिटचा दवाखाना) आणि हॉस्पिटलमधले जुने कागद मुदत संपल्यावर निकालात काढले जातात, आणि एकदा गेले की परत मिळत नाहीत.

पहिला कागद भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा. त्यात फिट्सची नोंद नाही, हे दिसलं पाहिजे. त्यानंतर पहिल्या फिटचे कागद: तारीख, कुठलं युनिट, कुठलं ठिकाण, कुणी पाहिलं, कुठल्या हॉस्पिटलला हलवलं. मग पहिल्या सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट, आणि शक्य असेल तर फिल्म किंवा सीडीसुद्धा. रिपोर्टमध्ये कडेने चमकणारी गाठ आणि तिच्या आत अळीच्या डोक्याचा ठिपका वर्णन केलेला असेल, तर तो कागद सोन्यासारखा जपा. हा ठिपका या आजाराची सर्वात पक्की खूण आहे.

पुढे अल्बेंडाझोल दिल्याची नोंद. हे जंतावरचं औषध आहे. डॉक्टरांनी ते दिलं याचा अर्थ उपचार करताना आजार जंताचा धरला होता. डिस्चार्ज स्लिपवर निदान गुळमुळीत असलं तरी औषधांच्या यादीत अल्बेंडाझोल असेल, तर त्या ओळीला पेन्सिलने खूण करा.

शेवटी सेवेचा तक्ता. कुठून कुठपर्यंत कुठलं युनिट, फिल्ड (मोर्चाचा भाग) की पीस (शांत ठिकाण), आणि पहिल्या फिटच्या आधीच्या वर्षांतल्या रजा. युनिटच्या पार्ट टू ऑर्डर्समधून (जवानांच्या नोंदींचे आदेश) रजेच्या तारखा काढता येतात. तक्ता एका पानावर बसवा. बोर्डाला चार पानी कहाणी वाचायला वेळ नसतो.

निवृत्त झाला असाल तर हेच कागद आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडून माहिती अधिकारात मागा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. अर्जात ‘माझे सर्व कागद द्या’ असं लिहू नका. ‘रिलीज मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, एएफएमएसएफ-१६, सर्व भागांसह, आधीचे सर्व कॅटेगरी बोर्ड, एएफएमएसएफ-१५, तज्ज्ञांचे अभिप्राय’ असं नेमकं मागा. आर्मी नंबर, रँक, डिस्चार्जची तारीख आणि डिस्चार्ज बुकची प्रत जोडा.

इशारा: २००८च्या नियम ७ नुसार दावेदाराला सहसा काही सिद्ध करायला सांगितलं जात नाही. मात्र डिस्चार्जनंतर १५ वर्षं उलटून दावा केला आणि तोवर सेवेचे कागद नष्ट झालेले असले, तर सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. ‘पोराचं लग्न उरकलं की बघू’ म्हणणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

## ३. बोर्डाआधी निदान नीट करून घ्या

रिलीज बोर्डाचे सदस्य तज्ज्ञ डॉक्टरांच्या ताज्या अभिप्रायावर विसंबतात. म्हणून दुरुस्ती बोर्डासमोर उभं राहून करायची नसते, ती आधीच्या रिव्ह्यूत होते.

रिव्ह्यूला जाताना पहिला स्कॅन, आत्ताचा स्कॅन आणि अल्बेंडाझोलचा कागद सोबत ठेवा. न्यूरॉलॉजिस्ट किंवा मेडिकल स्पेशालिस्टना नम्रपणे विचारा: ‘सर, सुरुवातीचं निदान न्यूरोसिस्टिसरकोसिस होतं, आता फक्त सीझर डिसऑर्डर लिहिलंय. मूळ कारण अभिप्रायात येऊ शकेल का?’ बहुतेक डॉक्टर यात आढेवेढे घेत नाहीत. फाइल जाडजूड असते आणि जुना रिपोर्ट तळाशी गेलेला असतो, इतकंच. अभिप्रायात ‘न्यूरोसिस्टिसरकोसिसनंतरचा सीझर डिसऑर्डर’ किंवा ‘सुकलेल्या गाठीमुळे येणाऱ्या फिट्स’ अशा अर्थाची ओळ आली की पाया पक्का झाला.

काही रिपोर्टमध्ये डॉक्टरांना खात्री नसते. गाठ जंताची की क्षयाची, असं दोन्ही लिहून ठेवतात. त्याने खचून जाऊ नका. क्षय हाही संसर्गच आहे. दोन्हींपैकी काहीही असलं तरी संसर्गाचं कलम लागतं, आणि हे अपिलात ठामपणे मांडता येतं. निदानात शंका आहे म्हणजे कारण अज्ञात आहे, हा निष्कर्ष चुकीचा.

इशारा: टक्के वाढावेत म्हणून बोर्डाआधी फिटच्या गोळ्या बंद करणारे जवान असतात. हे कधीही करू नका. अचानक गोळी तोडली की थांबत नसलेली, एकामागोमाग एक फिट येऊ शकते, आणि त्यात जीव जातो. कुठलीही पेन्शन त्या किमतीची नाही.

## ४. फिट्सची वही

टक्केवारी फिट्स किती वेळा येतात आणि औषध चालू असताना येतात की नाही, यावर ठरते. तोंडी ‘अधूनमधून येतात साहेब’ सांगितल्याने काही होत नाही. साधी शंभर पानी वही घ्या आणि अशी नोंद ठेवा:

‘१४ मार्च, पहाटे ४.२०. झोपेत. पूर्ण शरीर आखडलं, अंदाजे २ मिनिटं. जीभ चावली, उशीला रक्त. नंतर अर्धा तास भान नाही. बायकोने पाहिलं. आदल्या रात्रीची गोळी घेतली होती. सकाळी ईसीएचएस पॉलिक्लिनिकला दाखवलं, कागद जोडला.’

(ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना.) प्रत्येक नोंदीत साक्षीदार आणि ‘गोळी घेतली होती का’ या दोन गोष्टी हव्यातच. फिट आलीच नाही तर तसं लिहा. ‘एप्रिल: एकही नाही’ ही ओळ वहीवरचा विश्वास वाढवते. नोंदी मागाहून एकाच शाईने एकाच बैठकीत लिहिलेल्या असल्या की नजरेला लगेच कळतं.

## ५. निवेदन स्वतः लिहा

एएफएमएसएफ-१६ मध्ये, म्हणजे रिलीज बोर्डाच्या फॉर्ममध्ये, जवानाचं स्वतःचं निवेदन असतं. बहुतेक वेळा क्लार्क मागच्या नमुन्यावरून ते भरतो आणि जवान सही करतो. आजार सेवेतल्या कुठल्या परिस्थितीमुळे झाला, या प्रश्नापुढे आडवी रेघ किंवा ‘माहीत नाही’ येतं. बोर्ड नंतर याच रेघेकडे बोट दाखवतं.

काय लिहावं? जे घडलं तेच, पण नेमकं. तीन-चार वाक्यं पुरतात:

‘भरतीच्या वेळी मी पूर्ण निरोगी होतो. अमुक ते अमुक काळ मी अमुक फिल्ड भागात होतो. तिथे जेवण युनिटच्या लंगरातलं होतं, आणि पोस्टवर पिण्याचं पाणी नाल्याचं होतं. पहिली फिट अमुक तारखेला ड्युटीवर आली. घरात कुणालाही फिट्सचा त्रास नाही.’

ज्या गोष्टी घडल्या नाहीत त्या घालू नका. शांत ठिकाणी पोस्टिंग होती तर तसंच लिहा. संसर्गाच्या कलमाला फिल्ड एरियाची अट नाही, सेवेत झालेली लागण पुरेशी आहे.

इथे एक गैरसमज नेहमी आड येतो. हा आजार डुकराचं मांस खाल्ल्याने होतो आणि आपण शाकाहारी, मग कारण सांगायचं काय, असं जवानाला वाटतं. किंवा उलट, मांस खाल्लं असेल तर ते स्वतःच्या हाताने झालं असं तो कबूल करून बसतो. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून पोटात पट्टकृमी वाढतो. मेंदूत अळ्या जातात त्या पट्टकृमीची अंडी गिळल्याने, आणि ती अंडी जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडून दूषित पाणी, न धुतलेली कच्ची भाजी किंवा स्वयंपाक करणाऱ्याचे अस्वच्छ हात यांतून येतात. ज्याने आयुष्यात मांसाला हात लावला नाही त्यालाही हा आजार होतो. हजारभर लोकांचं जेवण एकाच लंगरात शिजतं, सलाड एकाच पातेल्यात कापलं जातं, आणि काय खायचं ही निवड जवानाच्या हातात नसते. हा मुद्दा निवेदनात एका वाक्यात यायला हवा.

त्याच फॉर्ममध्ये कमांडिंग ऑफिसरचाही भाग असतो. कामाचं स्वरूप, ताण, राहण्याची परिस्थिती याविषयी. तुमच्या सेवेचा एकपानी तक्ता ॲडजुटंटकडे (युनिटचं कार्यालयीन काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे) आधीच पोचवा, नाहीतर तिथेही ‘लागू नाही’ लिहिलं जातं.

## ६. ‘रजेवर लागण झाली असेल’ या आक्षेपाची तयारी

बोर्डाचा ठरलेला युक्तिवाद असा: हा आजार देशभर आहे, तुम्ही वर्षातून दोनदा गावी जात होतात, तिथेच लागला असेल. सुप्तावस्थेची अट इथे कामाला येते.

या आजारात अंडी गिळल्यापासून पहिली फिट येईपर्यंत काही महिने ते कित्येक वर्षं जातात. मुख्यतः भारतात नेमणूक झालेले ब्रिटिश सैनिक असलेल्या ४५० रुग्णांचा पाठपुरावा १९६१मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही मायदेशी परतल्यावर वर्षांनी लक्षणं सुरू झालेली दिसतात. म्हणजे फिट रजेवर असताना आली म्हणून लागणही रजेवर झाली, असं धरता येत नाही. आता तुमचा तक्ता काढा. पहिल्या फिटच्या आधीच्या पाच वर्षांत युनिटमध्ये किती महिने आणि रजेवर किती, हे समोरासमोर मांडा. बहुतेकांच्या बाबतीत हे दोन आकडेच पुरेसं बोलतात.

भरतीनंतर वर्ष-सहा महिन्यांत पहिली फिट आली असेल तर मात्र बाजू अवघड आहे. लागण आधीची असू शकते. तिथे सेवेमुळे आजार बळावला, हा दुसरा मुद्दा धरावा लागतो: फिटचं निदान झाल्यावरही रात्रपाळी, उंचावरची पोस्ट किंवा झोपमोड होणारी ड्युटी दिली होती का, हे कागदावर दाखवा.

## ७. बोर्डाचा निकाल हातात आल्यावर

शेवटच्या पानावर या चार ओळी शोधा:

– निदान
– सेवेमुळे झाला का, सेवेमुळे बळावला का, की दोन्ही नाही
– ‘दोन्ही नाही’ असेल तर त्याचं लिहिलेलं कारण
– एकूण टक्के, आणि वेगळ्या रकान्यात पेन्शनपात्र टक्के

दोन्ही नाही म्हणजे फौजेत ज्याला ‘नाना’ (‘नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रॅव्हेटेड’चं लघुरूप) म्हणतात ते. त्याच्या पुढचं कारण शब्दशः उतरवून घ्या, कारण अपील त्या वाक्याविरुद्ध लिहायचं असतं. नुसतं ‘सेवेशी संबंध नाही’ इतकंच असेल, तर ते कारण नव्हेच.

सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंह प्रकरणात, जुलै २०१३मध्ये, हेच म्हटलं. तो जवानही फिट्समुळे २० टक्के दिव्यांगतेवर बाहेर काढला गेला होता. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत उद्भवला, तर तो सेवेमुळे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची आणि बोर्डाने कारणं द्यायलाच हवीत, असा तो निकाल. तो १९८२च्या नियमांवर आहे. २००८वाल्यांनी त्याच्यासोबत नियम ७ आणि नियम १० मधलं संसर्गाचं कलम जोडूनच वापरावा.

## ८. अपील

दावा नाकारल्याचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, तेही फेटाळलं तर सहा महिन्यांत दुसरं. दोन्ही रेकॉर्ड ऑफिसमार्फत, स्पीड पोस्टाने, पोचपावती जपून. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मसुदा तपासून घ्या, पण तिथला छापील नमुना जसाच्या तसा पाठवू नका. त्यात जंताचं नाव नसतं.

अपील दोन पानांचं पुरे. पहिल्या परिच्छेदात निदान आणि तारीख, दुसऱ्यात नियम १० मधलं कलम, तिसऱ्यात रजा आणि सेवेचे महिने, चौथ्यात बोर्डाचं वाक्य आणि त्याचं उत्तर. देशसेवेचं वर्णन, घरची ओढाताण हे सगळं खरं असतं, पण अपील पाहणारी समिती त्यावर निर्णय देऊ शकत नाही, आणि त्या गर्दीत कामाचा परिच्छेद हरवतो.

त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांसाठी मुंबई खंडपीठ. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांची मुदत आहे. अपिलावर सहा महिने उत्तरच आलं नाही, तरी तिथे जाता येतं. उशीर झाला म्हणून दार पूर्ण बंद होत नाही, मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या तरसेम सिंह निकालानुसार थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. दर सरत्या महिन्याला एका महिन्याची थकबाकी बुडत असते.

## ९. फिट डिस्चार्जनंतर सुरू झाली तर

हा टप्पा अनेकांना माहीतच नसतो. नियम ८ नुसार, डिस्चार्जच्या वेळी नसलेला पण त्यानंतर सात वर्षांत उद्भवलेला आजार, सेवाकाळात सुरू झालेल्या प्रक्रियेचं उशिरा दिसलेलं रूप आहे असं वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मान्य केलं, तर तो सेवेमुळे झालेला धरता येतो. न्यूरोसिस्टिसरकोसिसची लांब सुप्तावस्था या कलमात चपखल बसते.

पहिली फिट खासगी दवाखान्यात पाहिली गेली असेल तर केस पेपर आणि स्कॅन ताब्यात घ्या, ईसीएचएसमार्फत लष्करी रुग्णालयाच्या तज्ज्ञांना दाखवा आणि रेकॉर्ड ऑफिसला लेखी दावा करून मेडिकल बोर्ड मागा. पहिल्याच स्कॅनमध्ये गाठ सुकलेली दिसली, तर रेडिओलॉजिस्टना ‘जुनी’ हा शब्द रिपोर्टमध्ये लिहायला सांगा. आजार आधीपासूनचा आहे, याला तो आधार देतो.

## १०. मंजुरीनंतर पीपीओ तपासा

२००८च्या नियमांखाली १०० टक्के दिव्यांगतेला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के इतका डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला डिसॅबिलिटीचा भाग), आणि कमी टक्क्यांना त्या प्रमाणात. सेवा पूर्ण करून बाहेर पडलेल्याला किमान २० टक्के लागतात. त्यावर राउंडिंग ऑफ, म्हणजे टक्के वरच्या टप्प्याला नेणं: ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यापुढे १००. सुरुवातीला ही सवलत फक्त आजारामुळे बाहेर काढलेल्यांना होती. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१४च्या राम अवतार निकालाने ती नियमित निवृत्तांनाही लागू झाली.

हिशेब असा: शेवटचं वेतन ५०,००० असेल तर १०० टक्क्यांना १५,०००. २० टक्के म्हणजे ३,०००, पण राउंडिंगनंतर ५० टक्के धरून ७,५००. स्पर्शवर (पेन्शनचं सरकारी पोर्टल) पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, उघडून डिसॅबिलिटीच्या ओळीत यांपैकी कुठला आकडा आहे ते पाहा. ३,००० दिसत असतील तर राउंडिंग लागलेलं नाही. त्याच दिवशी स्पर्शवर तक्रार नोंदवा आणि बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत जोडून रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्ती पीपीओसाठी लिहा.